पोरांच्या फेरीला कास्तकाराचे उत्तर

(मौदा येथील बैठकीत केलेले भाषण)



दरवर्षी 29 जुलैला व्याघ्र दिन येतो. 2010 साली रशियात सेंट पीटर्सबर्गला वाघ असलेल्या देशांची बैठक झाली, तेव्हापासून हा दिवस पाळतात. शाळेची पोरे पाट्या घेऊन फेरी काढतात, 'वाघ वाचवा' म्हणतात. 'सँक्चुअरी' मासिकाने 2000 साली शहरांतल्या शाळांत 'किड्स फॉर टायगर्स' ही मोहीम सुरू केली. पेंचभोवतीच्या गावांतल्या शाळांत सातपुडा फाउंडेशनने असेच काम केले. ही पोरे आपलीच आहेत. फेरी दारावरून गेली की आपण चिडून विचारतो, "वाघ वाचवता, मग कास्तकाराला कोण वाचवणार?" प्रश्न रास्त आहे. पण नुसता विचारून भागत नाही. त्याचा हिशेब आज मांडू.

आधी पोरांची बाजू. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. तरी 2006 च्या गणनेत देशात 1411 वाघ निघाले. राजस्थानातल्या सरिस्कात त्याआधीच चोरट्या शिकारीने एकही वाघ शिल्लक ठेवला नव्हता. 2022 च्या गणनेत देशाचा आकडा किमान 3167 झाला, आणि महाराष्ट्रात 444. म्हणजे राखले तर वाघ राहतो.

आणि वाघाचे जंगल आपल्या कामाचे आहे. मौद्याच्या कालव्याला आणि नागपूरच्या नळाला येणारे पाणी पेंचचे. तोतलाडोहचे धरण व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातच आहे. कोरडवाहू कास्तकार म्हणेल, आमच्या वावरात कालवा कुठे? त्याच्यासाठी दुसरा हिशेब. ज्वारी आडवी पाडतो तो रानडुक्कर. पऱ्हाटीचे शेंडे आणि बोंडे खातो तो रोही. हे दोन्ही वाघाचे खाद्य आहे.

आता आपली बाजू. वाघ वाढले, तसे जंगल वाढले नाही. जय नावाचा वाघ 2013 साली नागझिऱ्याहून निघून गावे, रस्ते, वावरे ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याला आला. अशी वाट आपल्या धुऱ्यावरून जाते. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याच्या कापूसपट्ट्यात 13 माणसांचे बळी अवनी वाघिणीच्या नावावर धरले गेले. 2 नोव्हेंबर 2018 ला तिला गोळी घातली, तेव्हा देशभर निषेध झाला. वाघिणीचे नाव सगळ्यांना पाठ झाले. मेलेल्या 13 जणांपैकी एकाचे तरी नाव शहरातल्या किती पोरांना सांगता येईल? ते कास्तकार होते, मजूर होते, गुराखी होते. वाघ साऱ्या देशाचा असेल, तर त्याचा खर्च एकट्या धुऱ्यावरच्या माणसाने का भरावा? हे आम्ही फेरीतल्या पोरांना जरूर विचारू.

पण भावांनो, एक गोष्ट आपल्या हातची आहे. डुकरासाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा, ही रीत बंद झाली पाहिजे. जयचा बछडा श्रीनिवास 2017 साली नागभीडकडे एका वावरात अशाच तारेने मेला. तार वाघ, डुक्कर, माणूस ओळखत नाही. पहाटे पाणी द्यायला जाणारा शेजारी, जागलीहून परतणारा भाऊ त्याच तारेवर पडतो. वन्यजीव कायद्याखाली वाघ मारण्याला किमान 3 वर्षांची कैद आहे. डुक्कर एका रात्रीचे पीक नेतो, कैद घरचा कर्ता माणूस नेते. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, त्याने जनावर मागे फिरते, मरत नाही. करायचेच तर ते करा, आणि त्याच्या अनुदानासाठी वनखात्याकडे व पंचायत समितीकडे अर्ज टाका.

दुसरे, हक्काचे पैसे सोडू नका. वाघाने माणूस मारला तर 2023 पासून वारसांना 25 लाख रुपये आहेत. गुरू मारले तर 48 तासांच्या आत वनखात्याला कळवा, आणि पंचनामा होईपर्यंत मढे हलवू नका. पिकाची नासाडी झाली तर 3 दिवसांच्या आत अर्ज द्या. अर्ज नेहमी लेखी द्या, पोच घ्या. किती कास्तकारांची भरपाई केवळ उशिराने किंवा पोच नसल्याने बुडते!

इथेच शाळेच्या पोरांचे काम आहे. आठवी-नववीच्या पोरीला अर्ज लिहिता येतो, तारीख टाकता येते, मोबाइलवर नासाडीचा फोटो काढता येतो. व्याघ्र दिनाच्या फेरीत 'वाघ वाचवा'च्या पाटीशेजारी दुसरी पाटी धरायला मास्तरांना सांगा : 'तारेत करंट सोडू नका, नुकसानीचा अर्ज 3 दिवसांत द्या.' फेरी संपली की ग्रामपंचायतीत त्याच पोरांनी बसून गावाचे राहिलेले अर्ज लिहून द्यावेत. असे झाले तर कास्तकार फेरीला हसणार नाही, फेरीत चालेल.

तेव्हा गावी जाऊन दोनच कामे करा. आपल्या आणि शेजाऱ्याच्या कुंपणातला करंट काढा. आणि येत्या ग्रामसभेत शाळेच्या मास्तरांना व वनरक्षकाला बोलावून पंचनाम्याची रीत सगळ्यांसमोर सांगायला लावा. पुढच्या बैठकीला येताना किती गावांत हे झाले, त्याची यादी घेऊन या.