टोपी बसवलेली पुंगळी



जबलपूरची ओळख भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे जशी आहे, तशीच ती शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांमुळेही आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तेव्हा काडतुसाचा विषय या नगरीला परका नाही. परंतु काडतुसाचा जो भाग सर्वांत निरुपद्रवी भासतो, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो भाग म्हणजे पितळेची पुंगळी.

काडतुसाचे घटक चार: पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी दाबून बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, टोपीतील संवेदनशील मिश्रण पेट घेते, ती ज्वाळा बुडातील छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते आणि वायूच्या दाबाने गोळी सुटते. या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या कोठीला घट्ट चिकटते व वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आक्रसते आणि बाहेर काढता येते. हा लवचीकपणा सुमारे सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त यांच्या पितळेत आढळतो. म्हणूनच एकदा उडवलेली पुंगळी पुन्हा भरण्याची कल्पना नेमबाजांना सुचली. अमेरिकेत तर पिस्तुलाची काडतुसे घरी भरणे हा अनेकांचा छंदच होऊन बसला आहे.

पुंगळीच्या बुडाची रचना येथे महत्त्वाची ठरते. १८६६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन यांनी आपापल्या पद्धती सिद्ध केल्या. बॉक्सरच्या पुंगळीत मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे जळालेली टोपी आतून ढकलून काढता येते. बर्डनच्या पुंगळीत छिद्रे सामान्यतः दोन आणि तीही कडेला असतात. तेथे हे काम जिकिरीचे होते. गंमत अशी, की इंग्रजाची पद्धत पुढे अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात.

आता मूळ प्रश्न. पुंगळी उडवलेली नाही, गोळी व दारू काढून घेतली आहे, पण टोपी जिवंत आहे; अशी पुंगळी पुन्हा वापरावी काय? कारखान्यात ही अवस्था नित्याचीच आहे, कारण टोपी आधी बसवली जाते आणि दारू नंतर भरली जाते. शिवाय न उडवलेल्या पितळेवर ताण आलेला नसतो. वापराच्या बाजूने एवढे म्हणता येईल. मात्र कारखान्याला आपल्या मालाचा इतिहास ठाऊक असतो. कुठून तरी हाती आलेल्या पुंगळीचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो.

हा इतिहास किती निर्णायक असतो, याचे उदाहरण भारतातलेच आहे. इंग्रजी फौजा पावसाळ्यात हालचाली थांबवीत आणि काडतुसे तबेल्यांत साठवून ठेवीत. पाऊस सरल्यावर कित्येक पुंगळ्या तडकलेल्या आढळत, विशेषतः गोळीभोवती आवळलेल्या तोंडाशी. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी याचा उलगडा केला: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढून घडवताना त्यात राहून गेलेला ताण, या दोहोंचा तो परिणाम होता. पुंगळी बेताच्या उष्णतेने तापवून ताण घालवणे हा त्यावर उपाय ठरला. दारूला हात न लागताही धातू तडकू शकतो, हा त्यातला धडा.

टोपीची कथाही अशीच आहे. जुन्या टोप्यांत पाऱ्याचे फल्मिनेट असे. बार झाल्यावर सुटलेला पारा पितळेत मुरून ते ठिसूळ करी. तेल किंवा ओल लागलेली टोपी निकामी होते अथवा अर्धवट पेटते. अर्धवट पेटण्यातला धोका अधिक मोठा. दारू पुरती न जळाल्यास गोळी नळीतच अडकते. आवाज क्षीण येतो, नेमबाज तिकडे दुर्लक्ष करून पुन्हा चाप ओढतो आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फाटते. दारू मुळीच नसतानाही केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत जाऊन रुतू शकते.

जिवंत टोपी ठोकून काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. आघाताने पेटणे हाच तिचा धर्म आहे. हातोडी आणि बंदुकीची पिन यांत ती भेद करीत नाही. मोडीत टाकलेली अशी पुंगळी भट्टीत गेली, तर तेथील मजुराच्या डोळ्यांवरच संकट येते.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याच्या भागांचाही समावेश आहे आणि परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. म्हणून आपल्याकडे घरी काडतुसे भरणे हा छंद होऊ शकत नाही. अशी पुंगळी कोणास सापडली तर ती न हाताळता पोलिसांना कळवावे, हेच योग्य.

तात्पर्य, पुंगळी रिकामी दिसली म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तिच्या बुडाकडे पाहावे. तेथे टोपी असेल आणि टोपीवर पिनेचा खळगा नसेल, तर ती रिकामी नव्हे, अर्धी भरलेली आहे, असेच समजावे. खळगा असला तरी टोपी पेटली असेलच असे नाही. न उडालेली टोपीही ती खूण अंगावर वागवीत असते.