तेलातुपाची पोटातील वाट



आपल्या घरांत तेलातुपाचा विचार पूर्वी दोन प्रश्नांनी संपत असे : चव कशी आहे, आणि डबा किती दिवस पुरला? आता तिसरा प्रश्न आला आहे : हे हृदयास बाधेल का? याची उत्तरे दारोदार फुकट मिळतात. कोणी तुपाला विष म्हणतो, कोणी खोबरेलाला अमृत. निकाल देण्यापूर्वी, घशाखाली उतरलेल्या स्निग्धाचे पुढे काय होते हे आपण एकदा पाहू या.

तेल घ्या वा तूप घ्या, रेणूची बांधणी एकच : ग्लिसरीनच्या दांड्याला मेदाम्लांच्या तीन साखळ्या. फरक साखळ्यांत आहे. कोणी आखूड, कोणी लांब. कोणी सरळ, कोणी बाक असलेली. लहान आतड्यात पित्त या स्निग्धाचे बारीक थेंब करते आणि स्वादुपिंडाचा पाचकरस साखळ्या सोडवतो. त्या आतड्याच्या पेशींत शिरतात, आणि येथे वाटा फुटतात.

दहा कार्बनांपर्यंतच्या आखूड साखळ्या बहुतांशी थेट रक्तातून यकृतात जातात व तेथे लवकर जळतात. तुपातील चार कार्बनांचे ब्युटिरिक आम्ल त्यांतलेच. मात्र तुपात ते थोडेच असते. लांब साखळ्यांना ही वाट नाही. पेशी त्यांना पुन्हा ग्लिसरीनला जोडते, भोवती प्रथिनांचे वेष्टण घालते, आणि ही गाठोडी लसिकावाहिन्यांतून वर चढून मानेच्या तळाशी डाव्या बाजूस रक्तात येतात. म्हणजे यकृताला वळसा घालून ती आधी स्नायूंकडे आणि चरबीच्या पेशींकडे जातात. कष्ट करणारा स्नायू त्यांतले जाळतो. लोडाला टेकून बसलेल्याचे कोठारात पडते.

खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते, १२ कार्बनांचे. ते दोन्ही वाटांच्या शिवेवर उभे आहे आणि त्याचा बराच भाग लांबच्याच वाटेने जातो. तेव्हा आठ-दहा कार्बनांच्या आम्लांवरील प्रयोग दाखवून खोबरेलाची कीर्ती गाणे न्यायाचे नव्हे.

जळते कसे, हे १९०४ मध्ये जर्मनीतील फ्रान्त्स क्नूप यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले : शरीर साखळीचे दोन-दोन कार्बनांचे तुकडे पाडते. पामिटिक आम्लाचे १६ कार्बन म्हणजे असे आठ तुकडे. ग्रॅमभर स्निग्धातून ९ कॅलरी मिळतात, मग ते तेल असो की तूप. ‘हलके तेल’ हा शब्द दुकानदाराचा आहे, शरीराचा नव्हे.

पण सर्व साखळ्या केवळ जळण नव्हेत. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धाविना ठेवले. त्यांची कातडी खवलेदार झाली, वाढ खुंटली. काही मेदाम्ले आपले शरीर बनवूच शकत नाही. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते, जवसात लिनोलेनिक. मेंदूला व डोळ्यांना लागणाऱ्या अधिक लांब साखळ्या शरीर जवसापासून थोड्याच बनवते. बांगडा, तारली खाणाऱ्याला त्या तयार मिळतात.

एक साखळी मात्र माणसाने घडविली. तेल गोठवून वनस्पती तूप करताना हायड्रोजन अपुरा घातला, तर काही साखळ्यांचा बाक जाऊन त्या सरळ होतात. १९९० मध्ये हॉलंडमधील मेन्सिंक व काटान यांनी दाखविले की, अशा मेदाम्लांनी रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि हितकर घटते. भारतात जानेवारी २०२२ पासून तेलातुपांत त्यांची मर्यादा २ टक्के आहे.

मग स्वयंपाकघराने काय करावे? वरणभातावरची तुपाची धार कोणी काढून घेऊ नये. पण तिचा सढळ हात आवरावा, कारण तुपातील बहुतेक साखळ्या लांब व संपृक्त आहेत आणि त्याही घातक कोलेस्टेरॉल वाढवितात. रोजची फोडणी शेंगदाणा, करडई, मोहरी यांत आलटून पालटून द्यावी. जवसाची चटणी ताटाच्या डाव्या बाजूला परत यावी. आणि स्वस्त खारीचा पुडा घेताना ती कशात भाजली आहे, हे विचारण्याचा संकोच करू नये. ज्या घरात मिळवता माणूस एकच आहे, त्या घराला त्याचे हृदय डब्याच्या किमतीहून महाग आहे.