प्रतिबंधाचा भार कोणावर?

लैंगिक हिंसाचार रोखण्याची किंमत कोणी मोजायची, हा धोरणाचा मूलभूत प्रश्न आहे. कोलकाता पोलिसांच्या ‘सुकन्या’ प्रकल्पात २०१४ पासून विद्यार्थिनींना स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण देण्यात आले. उपक्रम उपयुक्त, परंतु त्यातील सारे श्रम मुलींच्या वाट्याला येतात. शिवाय, केंद्र सरकारच्या २००७ च्या बाल अत्याचारविषयक अहवालानुसार निम्मे अत्याचारी बालकाच्या परिचयातील वा विश्वासातील होते. तेथे केवळ स्वसंरक्षण अपुरे ठरते.

मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम्स’ उपक्रमात महापालिका शाळांतील सहावी-सातवीच्या मुलामुलींशी समानता व हिंसा यांविषयी संवाद साधला गेला. वर्गचर्चा झालेल्या शाळांत समतेकडील कल अधिक वाढला. २०१२ चा पॉक्सो कायदा गुन्हेगाराला शिक्षा देतो. गुन्हा टळावा यासाठी मात्र मुलग्यांचेही शिक्षण व्हायला हवे.