ओढणें आणि आवरणें

चांदीप हें वसई तालुक्याच्या पूर्व भागांतील एक गांव. मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील शिरसाड फाट्यावरून अंबाडीकडे जाणारा रस्ता याच मुलुखांतून जातो. पावसाळा सरला कीं या बाजूला खडी, विटा आणि पाणी यांची वाहतूक जोरांत सुरू होते. ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली, दहा चाकांचा डंपर, अवजड यंत्रें वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर, असलीं सर्व जातींचीं वाहनें एकाच रस्त्यावर एकमेकांच्या मागेंपुढें चालतात. अशा एखाद्या ट्रॉलीच्या मालकाला कोणीं विचारलें, “अहो, भार अंमळ जास्त नाहीं का झाला?” तर बहुधा उत्तर मिळतें, “छे हो, ट्रॅक्टर सहज ओढतो कीं!”

हें उत्तर खोटें नसतें. पण तें भलत्याच प्रश्नाचें असतें. ट्रॅक्टर ओढतो हें खरें. तो आवरतो काय, हा खरा प्रश्न आहे.

सपाट रस्त्यावर चाकांवरचें ओझें ओढण्यास फारशी शक्ति लागत नाहीं. म्हणून दोन टन वजनाचा ट्रॅक्टर सहा-सात टनांची ट्रॉली ओढतांना पाहून कोणास नवल वाटत नाहीं. पण पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरवाल्यानें ब्रेक दाबला कीं ट्रॅक्टर थांबूं पाहतो आणि मागची ट्रॉली त्याला पुढें ढकलते. वळणावर हा धक्का तिरपा बसतो आणि दोन्ही वाहनें चाकूच्या पात्याप्रमाणें मिटतात. शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होतें. भाराची चूक वेग अशी वाढवीत नेतो.

उतारावर तर हिशेब आणखीच कठोर होतो. चाळीस टनांचें जोडवाहन शंभर मीटर खालीं उतरलें तर जी शक्ति मोकळी होते, तिनें सुमारें ११५ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. बोरघाटांत अशी उतरण पांचशे मीटरांच्या आसपास आहे; म्हणजे पाण्याचीं तीन मोठीं पिंपें उकळतील एवढी उष्णता. त्यांतील कांहीं भाग हवा आणि रस्ता घेतात. उरलेली एंजिननें किंवा ब्रेकनें सोसावयाची. गाडी खालच्या गियरमध्यें ठेवली तर एंजिन तो भार अंगावर घेतें. गियर काढून घेतला तर सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो, ते तापतात, आणि तापलेला ब्रेक पायाखालीं असूनही नसल्यासारखा होतो.

पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं उतारावरून आलेल्या एका मालवाहू वाहनानें अनेक वाहनांना धडका दिल्या. ब्रेक निकामी झाले असावेत, असें प्रथम वाटलें. परंतु उतारावर एंजिन बंद करून गाडी सोडून दिली होती, असें पुढें पोलिसांनीं सांगितलें. थोडेंसें डिझेल वांचविण्याची ती किंमत!

रेल्वेनें हा धडा फार पूर्वीं गिरविला आहे. बोरघाटाच्या उतरणीवर कांहीं ठिकाणीं मुख्य मार्गाला फुटणारी एक चढाची बाजूची लाइन ठेवलेली असते. उतरणारी गाडी तेथें थांबून दाखविते, तेव्हांच तिला पुढचा मार्ग मिळतो. थांबली नाहीं तर ती त्या चढावर जाऊन आपोआप मंदावते. थांबतां येतें हें आधीं सिद्ध करावें आणि मग उतरावें, हा नियम सडकेवरच्या वाहनालाही तितकाच लागू आहे. घाटमाथ्यावर दोन मिनिटें थांबून ब्रेक, टायर आणि जोडणीची खीळ तपासणारा चालक वेळ दवडीत नाहीं. तो आयुष्य कमावतो.

भार किती, याइतकेंच भार कोठें, यालाही महत्त्व आहे. आपल्या गाडीवानांना हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. ओझें मागें सरकलें कीं बैलगाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याला फांस बसतो. ओझें फार पुढें आलें कीं बैलांच्या माना दबतात. मोटारीमागच्या दोन चाकी ट्रेलरचें शास्त्र हेंच आहे. मागें जड झालेला ट्रेलर वेगांत सापाप्रमाणें वळवळूं लागतो. म्हणून जड सामान आंसाच्या किंचित पुढें, खालच्या बाजूस, आणि पक्कें बांधलेलें असावें. एकंदर वजनाचा सुमारें दहावा हिस्सा जोडणीवर यावा. तरीही वळवळ सुरू झालीच तर एकदम ब्रेक दाबूं नये. सुकाणूं सरळ धरून वेग हळूहळू उतरूं द्यावा.

ओझ्याचा अंदाज डोळ्यांनीं करणें धोक्याचें. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एवढी खडी चार ते साडेचार टन भरते. पावसांत भिजलेली वाळू दिसते तेवढीच, पण कोरडीहून जड असते. दहा हजार लिटरच्या टँकरमधलें पाणी दहा टन असतें. टँकर अर्धवट भरलेला असला तर भार कमी होतो खरा, पण आंतलें पाणी हेलकावे घेऊन वळणावर गाडीला कलंडवूं पाहतें. तेव्हां गाडीच्या नोंदणीपुस्तिकेंतील दोन आंकडे पाहावे: रिकामें वजन आणि भारासह एकूण वजन. या दोहोंतील अंतर हीच त्या वाहनाची लायकी; बाकी सारी बढाई.

जुलै २०१८ मध्यें सरकारनें आंसांवरील भाराच्या मर्यादा वाढविल्या आणि जोडवाहनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टन केली. पण कागदावरचा आंकडा वाढला म्हणून जुन्या गाडीचे ब्रेक कांहीं वाढत नाहींत. मर्यादा ओलांडणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागें दोन हजार रुपये दंड आहे. आणि १९८८ चा मोटार वाहन कायदा केवळ चालकालाच धरीत नाहीं. असें वाहन चालवावयास लावणारा किंवा चालवूं देणाराही त्याच्या कक्षेंत येतो.

अवजड ओझें नेऊंच नये, असा याचा अर्थ नव्हे. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठीं सुमारें सत्तर टनांचें एक यंत्र जुलै २०१९ मध्यें महाराष्ट्रांतून निघालें आणि जुलै २०२० मध्यें तेथें पोहोंचलें. चौऱ्याहत्तर चाकांचें वाहन, तीसहून अधिक माणसांची सोबत, आणि दिवसाला जेमतेम पांच किलोमीटरांची मजल! वाटेंत कोठें रस्ता दुरुस्त करावा लागला, कोठें विजेच्या तारा उचलाव्या लागल्या. मध्यंतरीं टाळेबंदीही आली. पण वर्ष लागलें तरी यंत्र जागेवर पोहोंचलें. ओझ्याला साजेशीं चाकें आणि चाकांना साजेसा वेग असला म्हणजे सत्तर टनही निमूटपणें चालतात.

शहरांतील सुशिक्षित गृहस्थाला वाटेल कीं, हा विषय चांदीपच्या ट्रॅक्टरवाल्याचा. त्याच्याशीं आपला काय संबंध? संबंध असा कीं, घराच्या पायाची खडी, गच्चीच्या विटा आणि उन्हाळ्यांतला पाण्याचा टँकर हीं त्याच रस्त्यानें येतात. “एकाच खेपेंत आणा, दुसऱ्या खेपेचे पैसे मिळणार नाहींत,” असें जेव्हां कोणी गिऱ्हाईक बजावतो, तेव्हां जादा टन त्या ट्रॉलींत त्यानेंच टाकलेला असतो. चालकाला खेपेवर पैसे मिळतात. नाहीं म्हणण्याची त्याची ऐपत नसते. ती ऐपत गिऱ्हाइकाची असते. दुसऱ्या खेपेचे चार पैसे ज्यानें खुशीनें मोजले, त्यानें शाळेंतून रस्त्याच्या कडेनें घरीं परतणाऱ्या कोणाच्या तरी मुलाला वाट करून दिली, असें समजावयास हरकत नाहीं.