कायद्याचा काटा आणि कच्चा कैदी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी शिक्षण, संस्कार, मातृभाषा असे विषय शोभतात, आणि मास्तराकडून तर तीच अपेक्षा असते. आम्ही कार्यवाहांना ‘तुरुंग’ असा विषय कळविला तेव्हा ते क्षणभर थबकले; पण नको म्हणाले नाहीत, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषय वाटतो तितका परका नाही. आपण इंदूरकर आहोत. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू याच शहरात इंग्रजांच्या काट्यावर तोलली जाई, पेटीमागे कर भरला जाई आणि मग ती मुंबई बंदरातून चीनला रवाना होई. त्या पैशावर पेढ्या उभ्या राहिल्या आणि दानधर्मही झाले. आजही नीमच, मंदसौर, रतलाम या जिल्ह्यांत सरकारी पट्ट्यावर अफू पिकते, आणि केंद्राच्या नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरीस आहे. पूर्वी त्या काट्यावर कर ठरे; आता माणसाची वर्षे ठरतात.

ती कशी ठरतात ते थोडक्यात सांगतो. १९८५ साली संसदेने अमली पदार्थांचा कायदा केला. बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षे, मग माल थोडा असो की फार. १९८९ साली तो आणखी आवळला: जामीन जवळजवळ बंद, शिक्षा झाल्यावर तीत सूट बंद, आणि काही गुन्हे दुसऱ्यांदा घडले तर सक्तीची फाशी. २००१ साली मालाचे अल्प, मध्यम आणि व्यापारी असे तीन दर्जे केले. हेरॉईन पाच ग्रॅमपर्यंत अल्प, अडीचशे ग्रॅमच्या वर व्यापारी. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यापारी. व्यापारी दर्जा लागला की दहा ते वीस वर्षे, आणि दहाच्या खाली येण्याची न्यायाधीशास मुभा नाही. भांग मात्र या कायद्याच्या बाहेर आहे. तिची दुकाने सरकारी परवान्याने चालतात, हे आपणांस आम्ही सांगावयास नको.

यात आणखी एक मेख आहे. पुडीत हेरॉईन किती आणि भेसळ किती, हे पाहावयाचे नाही. सारी भुकटी वजनात धरावयाची. २००९ च्या अधिसूचनेने तसे ठरविले आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे तीनशे ग्रॅम भुकटीत अमली माल चमचाभर आणि बाकी खडूची पूड असली, तरी काटा व्यापारीच बोलणार. आम्ही आयुष्यभर खडू हाताळला. त्याचे हे वजन आम्हांला ठाऊक नव्हते.

तरीही आमचे मुख्य गाऱ्हाणे शिक्षेविषयी नाही, शिक्षेच्या आधीच्या शिक्षेविषयी आहे. व्यापारी दर्जाच्या खटल्यात आरोपी निर्दोष आहे असे मानण्यास सबळ कारण दिसल्यावाचून, आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही अशी खात्री झाल्यावाचून, न्यायालयाने जामीन देऊ नये, असे कलम ३७ म्हणते. खटला उभा राहण्यापूर्वीच निकाल मागण्यासारखे हे आहे. शिवाय कलम ३५ प्रमाणे त्याच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता हे न्यायालय गृहीत धरते. तसा नव्हता हे त्यानेच शाबीत करावयाचे.

आमच्या शाळेतून आठवीनंतर गेलेला एक मुलगा दुसऱ्याची पिकअप गाडी चालवीत असे. एका रात्री गाडीत डोडाचुऱ्याची तीन पोती सापडली. डोडाचुरा म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा. पन्नास किलोंच्या वर गेला की व्यापारी दर्जा. पोती कसली हे त्याला ठाऊक नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. ठाऊक असावे असेच आम्हांला वाटते. पण माल त्याचा नव्हता, गाडी त्याची नव्हती, आणि ज्याचा माल होता तो आजवर कोणाला दिसलेला नाही. काही दिवसांनी त्याची आई शाळेत आली. मुलगा अठराच्या आत निघाला तर बालन्यायालयाकडे जातो, असे कोणी तिला सांगितले होते, आणि वयाच्या बाबतीत शाळेचे रजिस्टर हा मोठा पुरावा असतो. तिने दाराशी उभे राहूनच विचारले, “मास्तरसाहेब, काही होईल का?” आम्ही रजिस्टर उघडले. अटकेच्या दिवशी तो एकोणीस वर्षे चार महिन्यांचा होता. दाखला तसाच दिला. दुसरा देता येत नव्हता. या गोष्टीस पाच वर्षे झाली. तारखा पडतात, साक्षीदार येत नाहीत, तो आत आहे. धाकट्या बहिणीने नववीत शाळा सोडली.

असा तो एकटा नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा ४,३६,२६६ जणांची. आतल्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक. त्यांत सारे गुन्हे आले. पण सुटण्याची वाट सर्वांत अरुंद ज्यांची, त्यांत आमचा हा मुलगा आहे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्या एका खटल्यात, तेविसाव्या वर्षी पकडलेल्या आणि सात वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या तरुणास जामीन दिला, आणि खटला असा रेंगाळला तर कलम ३७ आड येऊ नये असे सांगितले. निकाल उत्तम आहे. तो वाचून अर्ज करणारा वकील त्या आईजवळ नाही.

आपल्या मराठी मुलखात याहून शहाणे प्रयोग झाले आहेत. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. तेथे भिंतींवाचून राहणारे कैदी शेती करीत. त्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपटातील ते सहाही जण खुनी होते, हे आपण विसरतो. खुनाच्या कैद्यास आजही चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत सूट मिळू शकते. पोती वाहणाऱ्यास कलम ३२अ ती देत नाही. आमच्या मते हे कलम जावे, आणि किमान शिक्षेखाली येण्याचा अधिकार न्यायाधीशास असावा. हे अशक्य नाही. सक्तीच्या फाशीविरुद्ध व्यसनी लोकांत काम करणारी एक संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०११ साली न्यायालयाने सक्ती काढली आणि २०१४ साली संसदेने कायदाही तसा बदलला.

येथे बसलेल्या काही मातांच्या मनात काय येत असेल ते आम्ही जाणतो. पावडरीने ज्यांचे घर खाल्ले, त्यांना वाटेल, मास्तर विकणाऱ्यांची बाजू घेतात. नाही. मोठा व्यापारी पकडला जावा आणि लांब आत राहावा, याला आमची ना नाही. आणि ज्यांचा मुलगा व्यसनात आहे त्यांनी कलम ६४अ लक्षात ठेवावे: सेवनाचा अथवा अल्प मालाचा आरोप असलेला व्यसनी आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचारास गेला आणि तो पुरा केला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे आईबापांना कोणी सांगत नाही.

आता ट्रस्टपुढे आमची मागणी. १९७८ साली आपल्याच मध्य प्रदेशातील एका गवंड्यास दहा हजारांचा जामीन मागितला होता. भावाने तो देऊ केला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते चूक ठरविले. तरी आजही जामीनदार म्हटले की जमिनीची पावती आणा, हेच ऐकू येते. २०२३ साली केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी पैसे देण्याची योजना आणली, हे चांगले झाले. पण अमली पदार्थांच्या आरोपींना तीतून वगळले. जेथे सरकारचा हात थांबला तेथे धर्मादायाचा पोहोचावा. आमच्याकडे जकात कोठे खर्चावी त्याच्या आठ बाबी सांगितल्या आहेत, त्यांत बंधनातली मान सोडविणे ही एक आहे. आपल्या ट्रस्टच्या घटनेतही ‘संकटग्रस्तांस साहाय्य’ हे शब्द आहेत.

तेव्हा महोत्सवी निधीतील एक लहान हिस्सा जामीन आणि वकील यांसाठी वेगळा काढावा. आपल्या सभासदांत वकील आहेत; त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. कैद्यांच्या मुलांना आणि भावंडांना शिष्यवृत्ती नाकारली जाऊ नये, म्हणून अर्जातील ‘कुटुंबावर फौजदारी प्रकरण आहे काय’ हा रकाना काढून टाकावा. रकान्याचा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. मुलीचा अर्ज आम्ही भरून ठेवला आहे. तो रकाना कोरा आहे.