पहिली मधपेटी आणि पहिला पावसाळा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: ‘घरामागे थोडी जागा आहे, छंद म्हणून मधमाश्या पाळता येतील का?’ येतील. पण आधी माझी फजिती ऐका.

आमचं घर वाईजवळ. फेब्रुवारीत मी ओळखीच्या एका मधपाळ काकांकडून माश्यांसकट एक पेटी आणली. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलली, माश्यांनी धडाक्यात मध भरला. मे महिन्यात मी वरच्या मधकोठीतला मध काढला, आणि हाव सुटली म्हणून खालच्या कोठीतल्या फ्रेमच्या कडेचाही काढला. घरभर बाटल्या, स्टेटसला फोटो, सगळं झालं. जूनमध्ये पाऊस लागला. जुलैत पेटी उघडली तर आत एक माशी नाही! पोळ्यांवर नुसती जाळी आणि मेणपतंगाच्या अळ्या. काका आले, बघितलं आणि म्हणाले, “अरे, तू मध नाही काढलास, त्यांचा पावसाळ्याचा शिधा काढलास.”

तर आजचा मुद्दा तोच. पहिलं वर्ष मधाचं नाही. पहिलं वर्ष वसाहत पावसाळ्यातून पार करायचं.

आता सुरुवात कुठून करायची? आधी माशी ओळखा. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, ती पेटीत राहत नाही. तिच्या वाटेला जाऊ नका. फुलोरीचंही तसंच, छोटं आणि उघडं पोळं. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते, म्हणून ती पेटीत रमते. ती इथलीच आहे. मेलीफेरा ही बाहेरून आणलेली माशी. ती मध जास्त देते, पण तिला फुलोराही भरपूर लागतो, त्यामुळे तिचे पाळणारे पेट्या घेऊन गावोगाव फिरतात. घरामागच्या एका पेटीसाठी सातेरीच बरी.

पेटीची जागा एकदाच नीट ठरवा. सकाळचं ऊन, दुपारची सावली, जवळ पाणी, आणि माश्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत माणसांची वर्दळ नको. शेजाऱ्यांना आधी विचारा. आसपास फवारणी होत असेल तर विचारच सोडा. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आणि नंतर ‘जरा पलीकडे सरकवू’ करू नका! पेटी दहा-पंधरा फूट हलवली तरी बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालतात.

तोंडाला जाळी, हातात स्मोकर, आणि घाई अजिबात नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी, ऊन असताना, पेटी उघडा. राणी दिसलीच पाहिजे असं नाही. घरांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी दिसली, की समजायचं राणी कामावर आहे. माशी चावली तर काटा चिमटीत धरून ओढू नका, नखाने खरवडून काढा. चावल्यावर श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर थेट दवाखाना. अशी ॲलर्जी असलेल्यांनी हा नाद करू नये.

आणि पावसाळा. सतत पाऊस असेल तर माश्यांना बाहेर पडता येत नाही, फुलंही कमी. म्हणून मध काढायचा तो फक्त मधकोठीतला, आणि तोही मेणाने झाकलेला. खालच्या कोठीला हात लावायचा नाही. साठा कमी वाटला तर एक किलो साखर, एक लिटर पाणी असा पाक करून, गार करून, संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. बाहेर सांडला तर दुसऱ्या माश्या लुटायला येतात. रिकामी पोळी काढून घ्या, तिथेच मेणपतंग शिरतो.

शिकायचं कुठे? पुण्यात १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर तर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पेटी विकत घेण्याआधी एखाद्या मधपाळाबरोबर दोन-चार वेळा पेटी उघडून बघा. व्हिडिओ बघून हात स्थिर होत नाही, मंडळी.

दुसऱ्या वर्षी काकांनी मला पुन्हा वसाहत दिली. एका अटीवर: दिवाळीपर्यंत बाटली दिसता कामा नये. मी पाक दिला, पोळी साफ ठेवली, वाट बघितली. सप्टेंबरअखेर उघडीप मिळाली आणि एका सकाळी माश्या पायांना पिवळे पराग लावून आत शिरताना दिसल्या. त्या वर्षी मध शून्य. पण पेटी भरलेली होती.

तुमच्या आसपास आत्ता काय फुललंय ते आज बघून ठेवा, आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!