मुलाची वारंवार होणारी पोटदुखी : आयुर्वेदाची दृष्टी व शिक्षकाचे काम

(केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



"गुरुजी, पोट दुखतंय," हे वाक्य ज्या वर्गात ऐकू येत नाही असा वर्ग विरळाच. गणिताच्या तासाला ते अंमळ अधिक ऐकू येते, म्हणून पुष्कळदा हसण्यावारी नेले जाते. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी 1958 साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर दहा मुलांमागे सुमारे एकाला, खेळ व अभ्यास सोडावा लागेल इतकी पोटदुखी पुनःपुन्हा होत असल्याचे आढळले. त्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात रोग सापडला नाही. तथापि दुखणे खोटे नव्हते.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत कौमारभृत्य हे बालकांसाठी स्वतंत्र अंग आहे. ज्या अर्भकाला बोलता येत नाही त्याची वेदना कशी ओळखावी, यावर काश्यपसंहितेत एक अध्यायच आहे. पोटात शूळ उठलेले मूल स्तन सोडून देते, रडते, त्याचे पोट ताठते, तोंडावर घाम येतो, असे बारीक निरीक्षण तेथे नोंदलेले आहे. शाळेतील मूल बोलते खरे, परंतु कारण सांगत नाही. ते पाहावे लागते.

एका वस्तीवरील शाळेत चौथीतील एक मुलगी दुपारच्या सुट्टीनंतर पोट धरून बसे. घरी ओवा चावून झाला, दृष्ट काढून झाली, देवाचा अंगाराही लागला. मुलगी कामचुकार आहे, असे घरचेही म्हणू लागले. वर्गाच्या बाईंनी मात्र एका वहीत पंधरा दिवस नोंद ठेवली : दुखणे केव्हा सुरू झाले, काय खाल्ले होते, पाणी किती प्यायली, शौचास केव्हा झाले. सुट्टीच्या दिवशी दुखणे कमी असे. अखेर उलगडा झाला तो असा, की शाळेतील मुलींच्या शौचालयाला आतून कडी नव्हती. मुलगी वेग दाबून धरी, आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नसे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात, जे अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. मलाचा वेग अडवल्याने पक्वाशयात शूळ, डोकेदुखी, पोटफुगी व पोटऱ्यांत गोळे येतात, असे तेथे म्हटले आहे. आजचे डॉक्टरही मुलांच्या पोटदुखीत बद्धकोष्ठाचा शोध प्रथम घेतात. कारण दूर करणे ही आयुर्वेदातील पहिली चिकित्सा होय. या मुलीच्या बाबतीत ती सुताराने केली. जोडीला रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, कोमट दुधात चमचाभर तूप, जेवणात पालेभाजी, आणि सकाळी शौचास बसण्यासाठी दहा मिनिटांची सवड, एवढेच घरी सांगितले. महिन्याभरात तक्रार क्वचित येऊ लागली.

वायू धरल्यास बेंबीभोवती हिंगाचा लेप, कोमट शेक, जिऱ्याचे पाणी हे घरोघरचे उपाय निरुपद्रवी आहेत. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे व हिंग यांचे हिंगाष्टक चूर्ण तुपासह पहिल्या घासाबरोबर देण्याची रीत आहे. मात्रा वैद्यांनी ठरवावी. यांपैकी बहुतेकांची मुलांवर काटेकोर चाचणी झालेली नाही, हेही पालकांना सांगावे. जंतांवर वावडिंगाला चरकांनी अग्रस्थान दिले आहे. तथापि 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी गोळी त्यासाठी चुकवू नये. अनोळखी फिरत्या विक्रेत्याची भस्मे तर कदापि देऊ नयेत. काहींत शिसे असते, आणि शिशाने पोटच दुखते. मेळघाटात बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याचे प्रकार अलीकडेही उघडकीस आले आहेत. त्याला औषध म्हणणे म्हणजे शास्त्राची विटंबना होय.

काही दुखणी थांबत नाहीत. बेंबीपाशी सुरू होऊन उजव्या बाजूस खाली सरकणारी कळ, सोबत ताप व उलटी, हिरवी उलटी, शौचातून रक्त, ताठलेले पोट, मुलाच्या वृषणात वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास एरंडेल अथवा कोणतेही रेचक देऊ नये. आंत्रपुच्छ सुजले असता रेचकाने ते फुटण्याचा धोका असतो. 108 क्रमांकास दूरध्वनी करून मुलास रुग्णालयात हलवावे. वजन घटणे, किंवा दुखण्याने रात्री झोपेतून उठणे, हेही त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. शिक्षकाने औषध देऊ नये. पालकांबरोबर चिठ्ठी द्यावी. तीत दुखण्याची जागा मुलाने स्वतः एका बोटाने दाखवलेली लिहावी, दिवस व वेळा लिहाव्यात, आणि घरी काय काय देऊन झाले तेही न लपवता लिहावे.